नाळेपलीकडचे आईपण

१० जुलै १८८७ रोजी जोतिराव फुले यांनी आपले मृत्युपत्र केले. मृत्युपत्रात घर, जमीन, देणे-घेणे आणि वारस यांचा तपशील असतो. जोतिरावांच्या मृत्युपत्रातही तो आहे. परंतु वारसाची ओळख करून देताना त्यांनी सहसा अशा कागदात न आढळणारी एक गोष्ट नोंदवून ठेवली. यशवंत हा काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा, त्याची नाळ आपल्या पत्नीने, सावित्रीबाईने कापली आणि तिनेच त्याला पोटच्या मुलाप्रमाणे लहानाचे मोठे केले, ही ती गोष्ट. हा मुलगा आमचा का, असा प्रश्न उद्या कोणी विचारलाच, तर त्याचे उत्तर सरकारी दप्तरात राहावे, अशी ती तजवीज होती.

सावित्रीबाई फुले यांचे नाव घेतले की शाळा आठवते. भिडे वाडा, मुलींचा वर्ग, रस्त्यात अंगावर येणारे शेण आणि दगड या गोष्टी पाठ्यपुस्तकांमुळे घरोघरी पोहोचल्या आहेत. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले, तेही शिक्षणातील कार्यासाठीच. या तेजापुढे त्यांच्या आयुष्याचा दुसरा पदर काहीसा झाकला जातो. मूल न झालेल्या या बाईने मुले जन्माला येताना हाताशी घेतली, त्यांतील बहुतेकांना मरताना पाहिले, एकाला वाढवले आणि अखेर दुसऱ्याच कोणाच्या तरी मुलाला वाचविताना स्वतः प्राण सोडला. आई होणे म्हणजे नेमके काय, याचा विचार त्यांच्या चरित्राइतका कसाला लावणारी चरित्रे आपल्याकडे थोडी आहेत.

सगुणाबाईंचा वारसा

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० मध्ये त्यांचा विवाह झाला तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि जोतिराव तेरा वर्षांचे. सासरी सासूबाई नव्हत्या. जोतिराव जेमतेम वर्षाचे असतानाच त्यांच्या आई चिमणाबाई वारल्या होत्या. वडील गोविंदराव यांनी दुसरे लग्न केले नाही. नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर या बालविधवेने जोतिरावांना वाढवले. सगुणाबाई एका मिशनऱ्याच्या घरी अनाथ मुलांचा सांभाळ करीत असत. कानावर पडणारे इंग्रजी त्यांना समजू लागले होते आणि शिक्षणाने माणूस बदलतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. जोतिरावांची शाळा सुटली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी यासाठी धडपडणाऱ्यांत त्या होत्या.

म्हणजे ज्या घरात सावित्रीबाई लहान वयात आल्या, त्या घराचा पाया एका अशा स्त्रीने घातला होता, जिने स्वतःच्या पोटी नसलेल्या मुलाला आईची उणीव भासू दिली नाही. जोतिरावांना शिकविण्याचा आग्रह, पुढे सावित्रीबाईंनीही शिकावे ही इच्छा आणि परक्या मुलांबद्दलची आस्था हे सारे सगुणाबाईंकडून या दांपत्याकडे आले. १८५४ मध्ये सगुणाबाई वारल्या. जन्म न देताही आई होता येते, हा पहिला धडा सावित्रीबाईंनी कोणत्याही पुस्तकातून घेतला नव्हता. तो त्यांच्या माजघरात चालताबोलता वावरत होता.

जोतिरावांकडून अक्षरओळख झाल्यावर सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. १८४८ मध्ये पुण्यातील बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. पुढच्याच वर्षी लोकापवादाच्या दडपणामुळे गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर जाण्यास सांगितले. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने या शैक्षणिक कार्याबद्दल जोतिरावांचा सत्कार केला. याच शाळांतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या निबंधात एक अत्यंत दाहक मुद्दा आहे. आपल्या समाजातील स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील याची कल्पना करा, असे ती मुलगी समाजाला बजावते. बाळंतिणीला आडोसा हवा, ही मागणी सावित्रीबाईंच्या वर्गातून उठली. काही वर्षांनी तो आडोसा त्यांनी स्वतःच्या घरात उभा केला.

मूल नसणे आणि दोष कोणाचा

लग्नाला वर्षे उलटली तरी फुले दांपत्याला मूल झाले नाही. एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही घरात अशा वेळी जे घडत असे तेच इथेही घडू पाहत होते. पुरुषाने दुसरी बायको करावी, पहिलीने घरात राहून सवत सोसावी, हा रूढ मार्ग होता. त्याला धर्माची संमती होती, कायद्याची आडकाठी नव्हती आणि नातेवाइकांचा आग्रह होता. जोतिरावांवरही असा आग्रह झाल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. त्यांनी तो मानला नाही. मूल न होण्याचा दोष पुरुषातही असू शकतो, मग केवळ बाईलाच वांझ का ठरवायचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मूल नाही म्हणून एखाद्या स्त्रीने दुसरा नवरा केला तर पहिल्या नवऱ्याला ते चालेल काय, असाही प्रश्न त्यांनी विचारला.

आज हा युक्तिवाद वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेला साधा विचार वाटतो. परंतु त्या काळी वांझ हा शब्द बाईच्या नशिबाला कायमचा चिकटत असे. शुभकार्यात तिची सावली टाळली जाई. ओटी भरताना तिला मागे सारले जाई. सावित्रीबाईंच्या वाट्याला हे टोमणे आले नसतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र नवऱ्याच्या ठाम भूमिकेमुळे एक गोष्ट घडली. मूल नसणे ही त्यांच्या संसारातील लाज ठरली नाही. त्या घरात दुसरी पत्नी आली नाही. पुढे जी माणसे आली, ती सगळी आसऱ्यासाठी आली.

काशीबाईचा खटला

त्या काळात विधवेचे मातृत्व हा गुन्ह्याचा विषय होता. बालविवाहाच्या चालीमुळे आठ-दहा वर्षांच्या मुली विधवा होत. ब्राह्मण आणि अन्य उच्चवर्णीय समाजात त्यांचा पुनर्विवाह होत नसे. १८५६ मध्ये विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली, पण समाजाची मिळाली नाही. केशवपन केलेली तरुण विधवा दुसऱ्यांच्या घरी राबत असे आणि घरातल्या किंवा शेजारच्या पुरुषाच्या वासनेला बळी पडे. दिवस गेले की पुरुष नामानिराळा राही. बाईपुढे मग विषारी औषधे घेऊन गर्भ पाडणे, जन्मलेल्या जीवाचा गळा घोटणे किंवा स्वतः विहीर जवळ करणे एवढेच पर्याय उरत. १८६२ पासून लागू झालेल्या भारतीय दंडसंहितेने गर्भपात, अर्भकाला टाकून देणे आणि गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपविणे हे शिक्षापात्र गुन्हे ठरविले. मुलाचा जीव वाचावा हा कायद्याचा हेतू योग्यच होता. पण त्या मुलाचा बाप कोण, हे विचारण्याची सोय या कलमांत नव्हती.

जोतिरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. घरंदाज, गरीब आणि तरुण. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावले. तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय फसले. बाळ जन्माला आले तेव्हा अब्रूच्या भीतीने तिने त्याचा जीव घेतला आणि प्रेत घरामागच्या विहिरीत टाकले. पोलिसांनी तिला पकडले, खटला चालला आणि तिला जन्मठेपेची शिक्षा होऊन अंदमानात पाठविण्यात आले. शास्त्र्याला काहीच झाले नाही.

या प्रसंगाने फुले दांपत्य हादरून गेले. काशीबाई त्यांच्या ओळखीच्या घरात राहत होती. तिला एखादे दार उघडे सापडले असते तर दोन जीव वाचले असते, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात आपल्या राहत्या जागेतच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा येथेच ठेवावे, ते त्यांच्या खुशीवर राहील, अशा आशयाच्या जाहिराती लावण्यात आल्या. या जाहिरातीतील निवडीचा भाग महत्त्वाचा आहे. त्या स्त्रीवर मूल वाढविण्याची सक्ती नव्हती आणि ते सोडण्याचीही नव्हती. ज्या स्त्रीच्या आयुष्यातील कोणताच निर्णय आजवर तिला विचारून झाला नव्हता, तिला पहिल्यांदा कोणीतरी निर्णय देऊ केला होता.

पस्तीस बाळंतिणी, पाच मुले

अशा गृहाची जबाबदारी सावित्रीबाईंनी पेलली. तोंड लपवून आलेल्या बाईला आत घ्यायचे, तिला नाव-गाव विचारून छळायचे नाही, दिवस भरेपर्यंत सांभाळायचे, कळा सुरू झाल्या की बाळंतपण करायचे, नाळ कापायची, बाळाला अंघोळ घालायची आणि बाळंतिणीच्या खाण्यापिण्याकडे पाहायचे, ही त्यांची कामे होती. त्या वेळी त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. स्वतःच्या बाळंतपणाचा अनुभव त्यांना नव्हता. सोवळ्याओवळ्याच्या त्या पुण्यात एका माळ्याच्या घरी ब्राह्मण विधवांची बाळंतपणे होत होती. बाळंतिणींची नावे बाहेर फुटू नयेत ही जोखीमही याच घराने घेतली होती.

या कामाचे खरे स्वरूप एका आकड्यातून कळते. डिसेंबर १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांच्या बालविवाह व सक्तीच्या वैधव्यावरील टिपणांच्या निमित्ताने जोतिरावांनी सरकारला आपले म्हणणे कळविले. तोपर्यंत या गृहात पस्तीस विधवा बाळंत झाल्या होत्या. जन्मलेल्या मुलांपैकी पाच जिवंत होती, तीस दगावली होती. गर्भ पाडण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच त्यांना इजा झाली होती, असे कारण जोतिरावांनी दिले आहे.

पस्तीसपैकी पाच. एखाद्या संस्थेच्या अहवालात हा आकडा अपयशाचा वाटेल. पण घराच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा आहे. वीसेक वर्षे त्या घरात पाळणा हलला आणि बहुतेक वेळा काही दिवसांत थांबला. ज्या बाळाची नाळ सावित्रीबाईंनी कापली, त्याला मूठमाती देण्याची वेळही त्यांच्यावर तीस वेळा आली. मूल गमावण्याचे दुःख काय असते हे एकदा कळल्यावर माणूस दार लावून घेतो. सावित्रीबाईंनी ते लावले नाही. पुढची बाई आली की पुन्हा पाणी तापविले जाई. पालकत्वात आनंदाची हमी नसते, हे आपण बोलतो. इथे ती हमी नाही हे ठाऊक असून रोज नव्याने पालक होणे चालू होते.

हा प्रश्न एका पुण्यापुरता नव्हता. १८७५ मध्ये पंढरपुरातही प्रार्थना समाजाशी संबंधित मंडळींनी टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम उभा केला. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि ती पुढे काळ्या पाण्यात बदलली. त्यावरून वृत्तपत्रांतून स्त्रियांवर जी चिखलफेक झाली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. ताराबाईंवर टीकेची झोड उठली तेव्हा जोतिराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुस्तकातून मांडला जाणारा हा वाद सावित्रीबाईंच्या घरात एव्हाना बाळंतिणीच्या खाटेवर सोडविला जात होता.

सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत. त्यांतील ऑगस्ट १८६८ च्या पत्रात नायगावचा एक प्रसंग आहे. गणेश हा ब्राह्मण तरुण आणि सारजा ही महार समाजातील मुलगी यांचे प्रेम जुळले. सारजा सहा महिन्यांची गरोदर होती. गावकऱ्यांनी दोघांना मारत मारत गावातून फिरविले, त्यांना ठार मारण्याचा बेत होता. माहेरी आलेल्या सावित्रीबाई धावत गेल्या, खून केल्यास सरकार काय करील याची भीती घातली आणि जमाव थांबविला. दोघांना गाव सोडावे लागले, पण ती दोघे जिवंत राहिली. सावित्रीबाईंनी त्यांना पुण्यास जोतिरावांकडे पाठविले. जन्माला न आलेल्या मुलाची जात काय, या प्रश्नापेक्षा त्याला जन्माला येऊ द्यावे, हा विचार त्यांना तातडीचा वाटला.

यशवंत

१८७४ च्या सुमारास अशाच एका विधवेने या गृहात मुलाला जन्म दिला. तिचेही नाव काशीबाई. अंदमानात गेलेली काशीबाई वेगळी आणि ही वेगळी. नावाचे हे साम्य पुढे अनेकांचा गोंधळ उडविते. परंतु त्यात एक विलक्षण योगायोगही आहे. एका काशीबाईचे मूल विहिरीत गेले आणि दुसरीचे मूल पाळण्यात राहिले. मधल्या काळात उघडलेल्या एका दाराचा तो फरक होता.

हे मूल जगले. फुले दांपत्याने त्याला आपले मानले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. सावित्रीबाई तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. त्या वयात त्या काळातील बायका नातवंडे खेळवीत असत. रूढ हिंदू दत्तकविधानात मुलगा आपल्या जातीचा, शक्यतो आपल्या कुळातला पाहिला जाई. वंश चालावा, पिंडदान व्हावे आणि इस्टेट घरात राहावी हे दत्तकाचे हेतू होते. यशवंत यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नव्हता. माळ्याच्या घरी ब्राह्मण विधवेचा मुलगा, तोही समाजाने अनौरस ठरविलेला. ज्या मुलाला कोणीच मागणार नाही, त्याला या दांपत्याने मागून घेतले.

मात्र यशवंत हा त्या घरातला एकमेव मुलगा नव्हता. फुल्यांच्या घरी बाहेरगावचे विद्यार्थी राहत. मुंबईहून शिकण्यासाठी आलेल्या लक्ष्मण कराडी जाया या विद्यार्थ्याने सावित्रीबाईंच्या मायेची आठवण पुढे लिहून ठेवली आहे. आईच्याही वरचढ अशी ती माया त्याला वाटली होती. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात खेडोपाडी मुले पोरकी झाली, तेव्हा फुले दांपत्य व सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम चालवून भुकेल्या मुलांना जेवू घातले. याच दुष्काळात १८७७ च्या एप्रिलमध्ये सावित्रीबाई जुन्नर भागात ओतूरला मदतकार्यात होत्या. यशवंत तेव्हा अवघ्या तीनेक वर्षांचा होता. आपले मूल आणि लोकांची मुले यांत त्या घराने कधी भिंत घातली नाही, आणि यशवंत त्याच वातावरणात वाढला.

मुलावर माया करणे सोपे असते, त्याला घडविणे अवघड. मृत्युपत्रात जोतिरावांनी यशवंतला वारस नेमताना अटही घातली. तो दुर्गुणी निघाला, उधळ्या झाला, तर त्याच्याऐवजी कुणबी, माळी, धनगर अशा समाजांतील एखादा लायक मुलगा निवडून त्याच्याकडे वारसा द्यावा, असे त्यांनी लिहून ठेवले. एका अर्थी हे कठोर वाटते. दुसऱ्या अर्थी, वारसा रक्ताने मिळत नाही, लायकीने मिळवावा लागतो, हे तत्त्व त्यांनी स्वतःच्या मुलालाही लागू केले. यशवंतने ती लायकी मिळविली. तो वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाला.

फेब्रुवारी १८८९ मध्ये यशवंतचा विवाह हडपसरच्या ग्यानोबा कृष्णाजी ससाणे या सत्यशोधक कार्यकर्त्याच्या कन्येशी, राधेशी सत्यशोधक पद्धतीने झाला. विवाहापूर्वी राधेला काही काळ घरी राहायला आणले होते, मुलामुलीने एकमेकांना ओळखावे हा त्यामागचा विचार होता, असे सांगितले जाते. विधवेच्या पोटी जन्मलेल्या मुलाला मुलगी कोण देणार, हा प्रश्न साधा नव्हता. ससाण्यांनी दिलेले उत्तर हे जितके त्यांच्या धैर्याचे, तितकेच सावित्रीबाईंच्या संगोपनावरील विश्वासाचे द्योतक होते.

टिटवे कोणी धरायचे

जुलै १८८८ मध्ये जोतिरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. जोतिरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरे केले. घरात पैशाची चणचण होती. मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून मदत मिळावी म्हणून प्रयत्न केले, त्यासाठी लिहिताना त्यांनी सावित्रीबाईंच्या त्यागाचा आवर्जून उल्लेख केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिरावांचे निधन झाले. घरामागे मिठात पुरावे ही त्यांची इच्छा नगरपालिकेची परवानगी न मिळाल्याने पूर्ण होऊ शकली नाही आणि दहनाचा निर्णय झाला.

अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी आक्षेप घेतला. प्रेतापुढे टिटवे धरून चालण्याचा मान वारसाचा. यशवंत रक्ताचा नाही, म्हणून तो मान पुतण्याचा, असा त्यांचा दावा होता. बाप गेलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या जन्माचा हिशेब चार लोकांत मांडला जात होता. त्या क्षणी सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी टिटवे स्वतःच्या हाती घेतले. स्त्रीने स्मशानात जाणेदेखील निषिद्ध मानले जाई, अशा काळातील ही घटना आहे.

या प्रसंगाकडे स्त्रीच्या धैर्याचे उदाहरण म्हणून पाहिले जाते, आणि ते रास्तच आहे. पण तिथे एक आईही उभी होती. मुलाला ओढाताणीत उभे करण्याऐवजी तिने वादाचा विषयच आपल्या हातात उचलून घेतला. ज्या मृत्युपत्रात नाळेचा उल्लेख तीन वर्षांपूर्वी करून ठेवला होता, त्याची गरज का होती, हे त्या दिवशी सर्वांना कळले. १८९१ मध्ये जोतिरावांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ प्रसिद्ध झाले. प्रकाशक होता यशवंत. वारसा म्हणजे काय, याचे त्याने आपल्या परीने दिलेले हे उत्तर होते.

अखेरचे मूल

जोतिरावांच्या पश्चात सत्यशोधक समाजाचे काम सावित्रीबाईंनी पुढे चालविले. १८९६ मध्ये मुंबईत आलेला ग्रंथिक ज्वराचा साथरोग १८९७ च्या आरंभी पुण्यात पसरला. लोक शहर सोडून पळत होते. घरच्या माणसाला गाठ आली की शेजारी दारे बंद करीत. सरकारी तपासणीची दहशत होती ती वेगळीच. डॉ. यशवंत लष्करी वैद्यकीय सेवेत होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतले. हडपसरजवळ ससाणे मळ्यात, मोकळ्या माळावर, त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला.

कोणतीही आई साथीच्या दिवसांत मुलाला दूर राहा असे सांगेल. सावित्रीबाईंनी मुलाला साथीत बोलावले. हे वाचताना आजच्या पालकाच्या मनात चलबिचल होते. २०२० आणि २०२१ ची करोनाची साथ ज्यांनी पाहिली, डॉक्टर मुलामुलींना रोज रुग्णालयात जाताना पाहून ज्यांच्या घशाखाली घास उतरला नाही, त्यांना या निर्णयाचे वजन अधिक कळेल. सावित्रीबाईंनी मुलाला एकट्याला पुढे केले नाही, त्या स्वतः त्याच्याबरोबर उभ्या राहिल्या. त्यांचे वय सहासष्ट होते.

मुंढव्याच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाड यांच्या पांडुरंग या मुलाला प्लेगची लागण झाल्याचे त्यांना कळले. त्या तिथे पोहोचल्या आणि मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातूनच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. यशवंतराव पुन्हा लष्करी सेवेत गेले. पुढे दहा वर्षांच्या आतच प्लेगने त्यांचाही बळी घेतला. ज्या आईने नाळ कापून त्यांना जगात आणले, तिच्याच मार्गाने ते जगातून गेले.

दार उघडे ठेवणे

गंजपेठेतील फुल्यांचे घर राज्य सरकारने स्मारक म्हणून जतन केले आहे. जोतिरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद आणि त्यांच्या अस्थी ठेवलेले वृंदावन पाहण्यासाठी शाळांच्या सहली येतात. तिथे आलेल्या मुलांना शाळेची गोष्ट सांगितली जाते. पाळण्याचीही सांगायला हवी.

दीडशे वर्षांत कायदा बराच पुढे आला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तकासाठी जातीची अट उरली नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मूल सांभाळणे शक्य नसलेल्या आईला ते बाल कल्याण समितीकडे सोपविता येते, तिचे नाव गुप्त राखले जाते आणि फेरविचारासाठी तिला दोन महिन्यांची मुदत मिळते. मूल न्या अथवा ठेवा, निर्णय तुमचा, हे १८६३ मध्ये एका घराच्या दाराशी लिहिले गेले, ते आता कायद्याच्या पुस्तकात आहे. तरीही कचराकुंडीत अर्भक सापडल्याची बातमी छापण्याची वेळ वृत्तपत्रांवर येतेच. त्या बातमीतही आईचा शोध सुरू असल्याचे वाक्य असते. बापाचा शोध सुरू असल्याचे वाक्य क्वचितच असते.

आपल्याकडे मूल होणे ही कर्तव्यपूर्ती मानली जाते आणि मूल नसणे ही उणीव. लग्नानंतर वर्षभरात विचारला जाणारा प्रश्न आजही बदललेला नाही. ज्यांना मूल झाले त्यांच्या वाट्याला मग त्याला मोठे करण्याची धावपळ येते, पण त्या मुलाबद्दल आपण नेमके कशाला बांधील आहोत, हा विचार मागे पडतो. सावित्रीबाईंच्या आयुष्याने तो विचार अगदी साध्या कृतींत उतरविला. आलेल्या जीवाला कुठून आलास असे विचारायचे नाही. तो जगेल की नाही याची खात्री नसतानाही त्याच्यासाठी पाणी तापवायचे. जगला तर त्याला लायक करायचे, जगाने त्याच्याकडे बोट दाखविले तर आपण पुढे व्हायचे आणि गरज पडली तर त्याला घेऊन दुसऱ्याच्या मुलासाठी धावायचे.

पस्तीस बाळंतिणींपैकी एकीचेही खरे आयुष्य पुढे काय झाले, हे जगाला कळू नये यासाठी त्या घराने काळजी घेतली. म्हणून त्या नावांची यादी कुठे कोरलेली नाही. त्या घरात जन्मलेल्या एका मुलाची नाळ कोणी कापली, एवढी मात्र नोंद आहे. ती पुरेशी आहे.